चंद्र पडायला तीन दिवस

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या घरात कुणी लवकर झोपत नाही. आईमुळे. पहाटेचे चार वाजून गेल्याशिवाय ती पाठ टेकत नाही, आणि तिला एकटीला जागं ठेवून आपण झोपावं हे मला कधी जमलेलं नाही. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी आलेला भाचा विसर्जनापर्यंत लातुरातच राहिला होता. पुण्याला इंजिनिअरिंगला असतो. मित्राकडून मागून आणलेलं व्हिडिओ गेमचं यंत्र, निन्टेंडो स्विच, त्यानं टीव्हीला जोडलं होतं. खाली रस्त्यावर मिरवणुकीचा डीजे चालू होता, दर ठोक्याला खिडकीच्या काचा थरथरायच्या, आई एकदा वर छताकडे बघायची आणि पुन्हा वाती वळायला लागायची. टीव्हीवर एका खोलीत लग्नाच्या पोशाखाशेजारी एक मुलगी एकटी बसली होती. तिचा नियोजित नवरा महिनाभर बेपत्ता. बाहेर आकाशातला चंद्र गावावर पडत चाललेला. अर्धं गाव पळून गेलेलं, ही मात्र बसून. खेळातल्या पहाटे साडेचारला दार उघडलं आणि तो आला. शापानं लहान पोर झालेला. तिनं तरी ओळखलं. दोघांनी एकमेकांना सूर्य-चंद्राचे मुखवटे दिले, लग्न लागलं, साक्षीला फक्त आमचा भाचा. तू पळ, आम्ही दोघं इथंच सकाळची वाट बघतो, असं ते त्याला म्हणाले. आईच्या हातातली वात तशीच राहिली होती.

मग भाच्यानं बासरीसारखं ते छोटं वाद्य काढलं, सहा सूर वाजवले, आणि सगळं मागं गेलं. पहिल्या दिवसाची सकाळ. चौकात सुतार लाकडं वाहताहेत, उत्सवाची तयारी चाललीय. तीच मुलगी खाणावळीच्या गल्ल्यावर उभी, येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वर करून बघणारी.

"आता ही पोरगी पुन्हा वाट बघायली का?" आईनं विचारलं.

"हो आज्जी. तिला काहीच आठवत नसतं."

"अन् तो आलता, लगीन लागलं, हे तिला कुणी सांगितलं का?"

"कोण सांगणार? कुणालाच माहीत नसतं. फक्त आपल्याला."

आईनं वात निरांजनाच्या डबीत ठेवली. "आपल्याला म्हंजे कुणाला रे?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. चार वाजले, आई उठून झोपायला गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. शाळेत हजेरी घेताना, भाजी निवडताना, तो मध्येच वर यायचा.

स्विच दिवाळीपर्यंत आमच्याकडेच राहणार होता. भाचा गेल्यावर संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की मी स्वतः खेळायला बसू लागले. आमच्या लहानपणी खेळ म्हणजे गंजगोलाईतून आणलेला टीव्ही गेम. पिवळी कॅसेट, त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा, मेलं की पुन्हा पहिल्यापासून. मेलेला मारिओ आपलाच असायचा, दुःख व्हायचं ते आपलं. हा खेळ वेगळा निघाला. त्याचं नाव मजोराज मास्क. झेल्डा मालिकेतला, २००० साली निन्टेंडो ६४ वर आलेला, आणि दोन वर्षं आधीच्या ऑकारिना ऑफ टाइमचा पुढचा भाग. आधीच्या भागात लिंक नावाचा मुलगा तलवार घेऊन राज्य वाचवतो. पुढच्या भागात राज्य नाही, राजकन्या जवळजवळ नाहीच. दुरावलेल्या मैत्रिणीला शोधत जंगलातून घोड्यावरून निघालेला हा मुलगा टर्मिना नावाच्या अनोळखी मुलखात जाऊन पडतो. तिथं एका एकट्या पडलेल्या पोरानं शापित मुखवटा घातलाय आणि त्या मुखवट्याच्या जोरावर तो चंद्राला खाली ओढतोय. मुदत ७२ तास. घड्याळ पडद्याच्या तळाशी सतत फिरत असतं, आणि हे सगळे ७२ तास आपल्या ५४ मिनिटांत संपतात. तोवर जेवढं जमेल तेवढं करायचं, शेवटी काळाचं गाणं वाजवून पहिल्या सकाळी परत यायचं. मुखवटे, गाणी, महत्त्वाची अवजारं सोबत राहतात. पैसे, बाण, बॉम्ब जातात. पैसे तेवढे बँकेत टाकले तर वाचतात, कारण तिथला माणूस आपल्या अंगावर शाईचा शिक्का मारतो आणि पुढच्या फेरीत तो शिक्का बघून हिशेब ओळखतो. माणूस मात्र आपल्याला ओळखत नाही.

या खेळाच्या जन्माची हकिकत मला खेळाइतकीच आवडते. ऑकारिनाच्याच सामानातून नवा खेळ लवकर उभा करायचा होता. ऑकारिनावर काम केलेल्या एजी आओनुमांना जुन्याच भुयारांची उलटापालट करून देण्यात रस नव्हता. वर्षभरात नवा भाग करून दाखवा, असं आव्हान झेल्डा मालिकेचे जनक शिगेरू मियामोतोंनी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांचे सहकारी योशिआकी कोइझुमी तेव्हा चोर-पोलिसांच्या एका खेळाची जुळवाजुळव करत होते, छोटं जग आणि तीच मुदत पुन्हा पुन्हा जगायची असा. ती कल्पना इथं आली. आधी आठवडा ठरला होता, त्याचे तीन दिवस झाले. वेळ नव्हता म्हणून आधीच्या खेळातले चेहरेही तेच वापरले. त्यामुळे ऑकारिना खेळून आलेल्या माणसाला इथं पावलोपावली ओळखीचे चेहरे दिसतात. तिकडं कोंबड्या सांभाळणारी मुलगी इकडं खाणावळ चालवते आणि नवऱ्याची वाट बघते. नाक-डोळे तेच, आयुष्य दुसरं. हाक मारावीशी वाटते आणि ती आपल्याला ओळखत नाही. घाईतून आलेली ही गोष्ट, पण मला तीच सगळ्यात जास्त लागली, कारण असं गाव मी पाहिलेलं आहे. आईचं माहेर.

तेरणेच्या काठच्या त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर पूर्ण हलवलेल्या ५२ गावांपैकी ते एक, एवढं पुरे. मी तेव्हा सातवीत होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात भिंती तडकल्या, उतरंडीची मडकी खाली आली, वडिलांनी आम्हाला ओढतच अंगणात काढलं. कुत्री एकाच सुरात ओरडत होती. पश्चिमेला ढगाआडून पौर्णिमेचा चंद्र होता. आई अंगणात उभी राहून दक्षिणेकडे बघत होती आणि अजून कुठलीच बातमी आली नसताना म्हणाली, "माळवद गेलं असंल." दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, आणि त्यावर दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून चढत आलेले थर. उन्हाळ्यात त्या घरात पाय ठेवला की अंग गार व्हायचं. त्याच मातीखाली मामा, मामी आणि आज्जी गेले. मोठा मामेभाऊ शेतात जागलीला होता म्हणून राहिला.

त्यामुळे हा खेळ खेळताना माझं मन एका जागी राहत नव्हतं. पहिले काही दिवस तर मला रागच आला. एवढं मोठं संकट, आणि उपाय काय, तर वाद्य काढून सहा सूर वाजवायचे. कुणाचं काही गेलं नाही, चला पुन्हा सुरुवात. आमच्याकडे कुणाला ते सूर मिळाले होते? खेळ बंद करून मी स्वयंपाकाला लागायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. कारण राग ज्या गोष्टीचा येत होता, तीच मी झोपताना करत होते. २७ सप्टेंबर १९९३, सोमवार, सकाळ. मी मामाच्या दारात उभी आहे. आता काय करू?

सांगून कुणी ऐकलं नसतं. त्या भागाला १९९२च्या ऑक्टोबरातच धक्के बसले होते. जमिनीतून आवाज यायचे. मामा तेव्हा कितीतरी रात्री बाहेर बाज टाकून झोपले, आज्जी गोठ्यापाशी. मग धक्के कमी झाले, थंडी वाढली, माणसं आत गेली. एका वर्षानं सातवीतल्या पोरीनं येऊन सांगितलं असतं की गुरुवारी पहाटे घर पडणार आहे, तर मामानं डोक्यावरून हात फिरवून चहा दिला असता. खेळातल्या गावातही हेच चालतं. महापौराच्या कचेरीत दोन गट भांडत बसलेत. सुतारांचा मुकादम म्हणतो उत्सव होणारच, चंद्र पडतो म्हणणारे भित्रे. पहारेकऱ्यांचा नायक म्हणतो गाव रिकामं करा. मधल्या खुर्चीतल्या महापौराला निर्णय घेता येत नाही. खिडकीतून वर पाहिलं तर चंद्र दिसतो, दात विचकलेला, कालच्यापेक्षा मोठा. तरी बैठक चालूच.

मी त्या सोमवारी काय करू शकले असते याचा विचार करत गेले तसतशी उत्तरं लहान होत गेली. मला बरं नाही असा निरोप धाडून आज्जीला आमच्याकडे बोलावून घेतलं असतं. तापल्या पोरीसाठी ती चालत आली असती. हायब्रीडला डुकरं लागलीत असं सांगून मामालाही मामेभावासोबत जागलीला पाठवलं असतं. मामीला काय सांगायचं ते आजही सुचत नाही, ती घर सोडून कुठं जायचीच नाही. आणि शेजारचं घर? त्याच्या पलीकडचं? पूर्ण गल्लीसाठी गल्लीभर निमित्तं शोधावी लागतील, प्रत्येकाचं वेगळं, आणि त्यासाठी कोण कितीला उठतो, कोण कुणाचं ऐकतो, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं माहीत पाहिजे.

खेळ नेमका हेच करायला लावतो.

गावातली पोरं आपल्याला एक वही देतात. त्यात वीस माणसं. कोण कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला, कुठल्या वाटेनं जातो याच्या रेघा. ही वही भरायला राक्षस मारावे लागत नाहीत, माणसांच्या मागं मागं हिंडावं लागतं. मी एक पूर्ण फेरी फक्त पोस्टमनच्या मागं काढली. तो घड्याळावर चालणारा माणूस, एक मिनिट इकडं-तिकडं होऊ देत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत गेलं तर तो खाटेवर पालथा पडलेला. त्याला पळून जायचंय, पण पळून जाणं वेळापत्रकात लिहिलेलं नाही. त्याला सोडवायचा रस्ता म्हणजे एक तातडीचं पत्र त्याच्या हातून महापौरांच्या बायकोकडे पोचवायचं. त्या सांगतात तेव्हा तो जातो. तलवारीचा गुरू पहिल्या दिवशी छाती ठोकून सांगतो, चंद्र आला तर दोन तुकडे करीन. शेवटच्या रात्री तो आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून रडत असतो, मरायचं नाही म्हणतो. मुकादम सुतार मात्र शेवटच्या घटकेलाही चौकात उभा, चंद्राकडे बघत, जागचा न हलता. कोण कसं वागेल ते आधी बोलण्यावरून ठरत नाही. आमच्या गावातही त्या पहाटे कोण धावलं आणि कोण गोठून उभं राहिलं, हे मोठी माणसं पुढं अनेक वर्षं दबक्या आवाजात बोलायची आणि आम्ही आलो की विषय बदलायची.

गावाबाहेर एक गोठा आहे, तिथं दोन बहिणी राहतात. धाकटी रोमानी सांगते की रात्री दिव्यांसारखं काहीतरी उतरतं आणि गायी घेऊन जातं. थोरलीचा विश्वास बसत नाही. पहिल्याच रात्री तिथं पोचून, अडीच वाजल्यापासून उजाडेपर्यंत धनुष्य घेऊन गोठ्याभोवती हिंडायचं. जागलच ती. वाटेत मोठा दगड आडवा पडलेला असतो, तो फोडायचं सामान सुरुवातीला आपल्याजवळ नसतं, म्हणून पहिल्या वेळेला तिसऱ्या दिवशीच पोचता येतं. तोवर उशीर झालेला. धाकटी खोक्यावर बसलेली असते, डोळे उघडे आणि आत कुणी नाही. थोरली दुःखानं वाकलेली. मी तो दगड फोडून वेळेवर पोचले ती फेरी वेगळी. त्या फेरीच्या शेवटच्या रात्री थोरली तिला मोठ्या माणसांसाठी असतं ते दूध प्यायला देते. तू आता मोठी झालीस, आज माझ्याजवळ झोप, म्हणते. वर चंद्र छपराला टेकायला आलेला. थोरलीला सगळं कळलेलं आहे, धाकटीला कळू द्यायचं नाहीये. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि त्या रात्री काही खेळले नाही.

मुखवट्यांविषयी बोललंच पाहिजे. सगळे मिळून २४ आहेत. काही गमतीचे, कोंबडीची पिल्लं मागं लावणारे. पण तीन मुखवटे मेलेल्यांचे, आणि ते घातले की आपण ते होतो. मिकाऊ नावाचा एक वादक समुद्रात जखमी तरंगत असतो, त्याला ढकलत किनाऱ्याला आणायचं, तो गिटार काढून आपली शेवटची हकिकत गाऊन सांगतो आणि पडतो. त्याला शांत करणारं गाणं वाजवलं की त्याचा मुखवटा होतो. वाळूत त्याची समाधी, वर त्याची गिटार रोवलेली. मग आपण त्याचं तोंड घालून त्याच्या मित्रांत जायचं. ते हाक मारतात, तालमीला ये म्हणतात. त्याची प्रेयसी मुकी होऊन समुद्राकडे बघत बसलीय, तिला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्यांदा हे खेळताना मला अंगावर काटा आला, आणि लगेच आमच्या पितर पंधरवड्याची आठवण झाली. मामाच्या नावानं दरवर्षी आम्ही एका गृहस्थांना जेवायला बसवतो. पाटावर बसेपर्यंत ते ओळखीचे शिक्षक असतात, कपाळाला गंध लावलं की आई त्यांना वाढताना भावाला वाढावं तसं वाढते. कढी अजून घे म्हणते. मामाला कढी आवडायची. त्या गृहस्थांना आवडते की नाही हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी नको म्हटलं नाही. तेवढा वेळ ते मामा असतात, आणि मामा म्हणून जेवून, हात धुऊन, पान खाऊन आपल्या घरी जातात. त्यात फसवणूक नाही, दोघांनाही सगळं ठाऊक असतं. खेळात ठाऊक असणारे आपण एकटेच. म्हणून तो भाग जड जातो.

आणि इकाना. मराठवाड्यातल्या माणसाला इकानाविषयी न लिहिता पुढं जाता येणार नाही. टर्मिनाच्या पूर्वेचा हा मुलूख मेलेला आहे. उघडे कातळ, कोरडं नदीपात्र, आणि पात्राच्या कडेला एक घर. घराच्या बाजूला पाणचक्की, ती थांबलेली. आत पामेला नावाची छोटी मुलगी, बापाला कपाटात लपवून बसलीय, कारण बाप हळूहळू भूत होत चाललाय. नदीच्या उगमाशी एका भुताचा शाप आहे. त्याला पावसाचं गाणं ऐकवलं की तो विरघळतो आणि पाणी सुटतं. ते पाणी कोरड्या पात्रातून वळणं घेत खाली येतं, चक्कीला लागतं, चक्की फिरते, घरातून गाणं वाजू लागतं, भोवतालची भुतं पळतात आणि पोरगी दार उघडून बाहेर येते. मी लातूरची आहे. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा स्टेशनबाहेरच्या गर्दीत मीही होते, टँकरच्या डब्यांना हात लावून बघणारी माणसं मी पाहिली आहेत. धनेगावच्या धरणाचा भेगाळलेला तळ पाहिलाय, आणि त्याच धरणाचे दरवाजे उघडलेले पाहायला सहकुटुंब गेलेय. पात्रातून पहिलं पाणी पुढं सरकताना त्याच्या तोंडाशी पाचोळा कसा गोळा होतो हे मला माहीत आहे. खेळात तो पाचोळा नाही, एवढंच कमी. आणि मग गाणं वाजवून पहिल्या दिवशी आलं की नदी पुन्हा कोरडी. पामेला पुन्हा दाराआड. मी एकदा फक्त तेवढ्यासाठी तिथपर्यंत गेले, नदी सोडली, तिला बाहेर आलेली पाहिलं, आणि परत फिरले. त्यातून मिळण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. तरी गेले.

का गेले याचा विचार करताना आईचा प्रश्न मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. "आपल्याला म्हंजे कुणाला?" भाच्याला वाटलं ती खेळाचे नियम विचारतेय. ती स्वतःविषयी विचारत होती. एखादं गाव गेलं, आणि ते कसं होतं हे ज्या माणसाला माहीत आहे त्याला विचारणारं कुणी नसेल, तर ते माहीत असण्याचं करायचं काय? नव्या गावात रस्ते सरळ आहेत, रुंद आहेत. शाळा आहे, घरं पक्की आहेत, आणि त्या घरांत माणसं निर्धास्त झोपतात, ही मोठी गोष्ट आहे, तिची किंमत मी कमी करणार नाही. पण घर केवढं ते जमिनीवरून ठरलं, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट, आणि आकारानुसार ओळी पडल्या. जुन्या गल्ल्या मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली दोन घरं गावाच्या दोन टोकांना गेली. चेहरे तेच, शेजार दुसरा. आई तिथं गेली की दोन दिवसांत परत येते. म्हणते, "कुणाच्या घरी जायचं तर वाट इचारावी लागती." ज्या गावात ती अंधारातही चुकली नसती ते गाव आता वेड्या बाभळीखाली आहे.

मी दोनशेपानी वही काढली आणि आईला म्हटलं, मारुतीच्या देवळापासून सुरुवात कर. एकेक घर सांग.

तिनं आधी उडवून लावलं. मग कांदा चिरताना आपणहून सुरू झाली. देवळाच्या उजव्या हाताला अमक्याचं घर, दारात लिंब. त्या घरची म्हातारी चारला उठून सडा टाकायची, म्हणजे त्या पहाटे ती उठायच्या बेतात असणार. पुढचं घर दोन भावांचं, मधोमध भिंत घातलेली, पण न्हाणी एकच. त्याच्या पुढं सोनार, त्याची बायको आईची मैत्रीण, दोघींनी एकाच दिवशी कासाराकडून हिरवा चुडा भरलेला. आईला घरं आठवतात ती तासांसकट. दूध घालायला कोण निघायचं, जात्यावर कोण बसायचं, भजन आटोपून कोण उशिरा यायचं. खेळातल्या वहीत वीस माणसांच्या रेघा आहेत. आईनं मारुतीपासून वेशीपर्यंत यायच्या आतच माझी अर्धी वही भरली. काही नावांवर ती थांबते, स्वयंपाकघरात जाते, पाणी पिऊन येते, पुन्हा सांगते. काही घरांचं सांगताना मोठ्यानं हसते. मी सगळं लिहिते, हसली तेही लिहिते. भाच्याला फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "मावशी, नकाशा पण काढ, मी कॉम्प्युटरवर करून देतो." नकाशा काढायला घेतला आणि तिथंच गाडी अडली.

तेल्याच्या घाण्याशेजारी कोण राहायचं?

आई म्हणते घाण्याला लागून शिंप्याचं घर, दार पूर्वेला. तिची चुलत बहीण, आमची ताईमावशी, नव्या गावात राहते. तिला फोन लावला तर ती ठाम, की घाण्याला लागून वाड्याची मागची भिंत होती आणि शिंपी बोळाच्या पलीकडं. फोन स्पीकरवर. आधी दोघी एकमेकींचं सगळं ऐकून घेत होत्या, नंतर दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या.

"मी रोज घाण्यावर तेल आणायला जायची की नाही?" आई.

"तू जायचीस, अन् मी काय सासरी होते का तवा? शिंप्याच्या ओट्यावर बसून मी सागरगोटे खेळलेय. ओट्यावरून बोळ दिसायचा."

"बोळ न्हवताच तिथं. बोळ सोनाराच्या अंगाला."

"तो दुसरा बोळ, आक्का. तू दोन्ही एकच करायलीस."

आई गप्प झाली, पटल्यामुळं नव्हे, आठवायला. मी पेन्सिलनं दोन्ही प्रकारे काढून ठेवलं. मग ताईमावशीच म्हणाली, "थांब. आपला टपालवाला हाय की अजून. उमरग्याला पोरापाशी असतोय. त्यानं दारोदार मनिऑर्डरी वाटलेल्या, त्याला इचारू."

"तो हाय अजून?" आई खुर्चीतून पुढं सरकली. "मग फोनवर कशाला? रविवारीच जाऊ. तू फाट्यावर थांब, आम्ही तिथनं तुला घेताव. अन् त्याला आधी निरोप धाड, चष्मा अन् कानाचं मशीन दोन्ही जवळ ठेव म्हणावं, आमाला लई इचारायचंय."